घरचा गूळ, बाजारचा गूळ

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. ही गोष्ट मी कुणी न विचारता सांगते आणि सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. आमचं गाव सुप्याच्या पलीकडं, जिराईत. ज्वारी, बाजरी, चार शेळ्या, पाऊस झाला तर मटकी. वडील चौथीपर्यंत, आई अंगठा. मी एसटीनं ये-जा करत बारामतीला बी.एस्सी. केलं, तेही केमिस्ट्री घेऊन. आज एमआयडीसीतल्या एका अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत माझ्या सहीशिवाय रिपोर्ट बाहेर पडत नाही. हेही मी न विचारता सांगते.

एकच गोष्ट सांगत नाही. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला एक स्मृती पारितोषिक मिळालं होतं. नोकरीच्या अर्जात ते पहिल्या ओळीला होतं आणि त्याच्या जोरावरच मला मुलाखतीला बोलावलं, हे मला ठाऊक आहे. पण कुणी त्याबद्दल विचारलं, की मी पाणी प्यायला उठते.

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जन्म काढलेल्या एका केमिस्टच्या नावानं ते पारितोषिक होतं. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीनं ते सुरू केलं. त्या शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या कॉलेजांसाठी ते असायचं आणि प्रमाणपत्रावर छापलेलं असायचं, 'होतकरू तरुण रसायनशास्त्रज्ञ'. आमच्या कॉलेजात शास्त्रज्ञ म्हणजे जिन्याच्या भिंतीवरचे दाढीवाले फोटो. तो शब्द माझ्या नावाखाली छापून येऊ शकतो, हे नोटीस बोर्डावर वाचलं त्या दिवशी सुप्यापर्यंत एसटीत उभी होते, पण पाय दुखल्याचं आठवत नाही. अट सोपी होती. प्रकल्प आपल्या भागातल्या कशावर तरी हवा आणि विद्यार्थ्यानं स्वतःच्या हातानं केलेला हवा.

मी विषय घेतला गुळाचा. माझं आजोळ इंदापूरकडं, हायवेला लागून, आणि मामाचं तिथं गुऱ्हाळ. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून उकळत्या रसात हायड्रॉस नावाची पावडर टाकतात, हे आमच्या भागात सगळ्यांनाच ऐकून माहीत असतं. तिचा अंश गुळात राहतो, आणि जास्त राहिला तर तब्येतीला वाईट, विशेषतः दम्याच्या माणसाला. तो शोधायची साधी रीत आहे, टायट्रेशन. गुळाच्या पाण्यात थोडं आम्ल आणि स्टार्च घालायचं आणि वरून ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या काचेच्या नळीतून, आयोडीन थेंब थेंब सोडायचं. पावडर नसेल तर पहिल्या एक-दोन थेंबांत पाणी निळं होऊन तसंच राहतं. पावडर असेल तर निळा रंग येतो आणि जातो, येतो आणि जातो. किती थेंबांनी तो टिकला, त्यावरून हिशेब.

नमुने गोळा करायला मी हंगामात आजोळी जाऊन राहिले. मामाची जुनी स्कूटी घेतली आणि अठरा गुऱ्हाळं फिरले. आमच्या भागात अठरा गुऱ्हाळं फिरायची म्हणजे अठरा पाहुण्यांकडं जायचं. कुणी मामाचा साडू, कुणी मामीच्या चुलतभावाचा व्याही. मामा आधी फोन करून ठेवायचा, "भाची येतीया माझी. बारामतीला शिकती. जरा बघा." आणि मी पोचायच्या आत चहाचं आधण ठेवलेलं असायचं.

आता पाहुण्याच्या दारात, हातात चहाचा कप घेऊन, 'तुमचा गूळ तपासायचाय' असं कसं म्हणायचं? म्हणजे तुमच्यावर माझा भरवसा नाही, असंच झालं की. मला ते जमलं नाही. मी म्हणायची, "कॉलेजात सरांना दाखवायला थोडा गूळ पाहिजे होता." हे मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं. घरातली बाई आत जायची, डब्यातला गूळ पिशवीत घालून आणायची, मला कुंकू लावायची. एका ठिकाणी तर गूळ माझ्या ओढणीतच घातला, ओटी भरल्यासारखा. मी दाराबाहेर आले की पिशवीवर नंबर टाकायची, तारीख टाकायची. अगदी पुस्तकात दिलंय तसं.

एका गुऱ्हाळावर गुळव्या, म्हणजे काहिलीत रस आटवून गूळ काढणारा कसबी माणूस, स्वतःच बाहेर आला. वयानं मोठा, मी त्याला तात्या म्हणत होते. त्यानं विचारलं, "ताई, घरचा देऊ का बाजारचा?"

मी म्हणाले, "घरचाच द्या की तात्या. सरांना द्यायचाय."

"मग घरचाच," तो हसला. "सरास्नी गोड लागला पायजे. मार्क पडत्याल."

मीही हसले. त्याचा प्रश्न मला ऐकू आला होता, आणि दोन गूळ वेगळे असतात एवढं कळायला बी.एस्सी. लागत नाही. पण त्या ओट्यावर मी केमिस्ट म्हणून उभी नव्हते, मामाची भाची म्हणून उभी होते. आणि भाचीला कुणी विचारलं घरचा का बाजारचा, तर ती काय म्हणणार? आई लहानपणापासून मला जे म्हणायला शिकवत आली, तेच मी म्हणाले.

शिवाय रंग. माझ्या अठराही पिशव्यांतला गूळ तांबूस-काळपट होता. बाजारात गूळ असतो हळदीसारखा. हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं. काळपट गुळाच्या पाण्यात निळा रंग नीट दिसत नाही म्हणून मी ते पातळ करून घेत होते, त्याच्यावर अर्धं पान लिहिलंही होतं. पण रंग असा का, हा प्रश्न त्या पानात नव्हता.

अठराही नमुने स्वच्छ निघाले. पहिल्याच थेंबाला निळं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. आपली माणसं चांगली आहेत, लोक उगाच बदनाम करतात, हे मी सिद्ध केलं होतं. अहवालात मी लिहिलं, 'नमुने यादृच्छिक पद्धतीने निवडले'. म्हणजे डोळे मिटून कुठलाही उचलावा तसे. हे वाक्य मी पुस्तकातून उतरवलं होतं.

शेवटच्या फेरीत आम्ही तिघं होतो. तिसरा मुलगा विहिरीच्या पाण्यावर काहीतरी करून आला होता आणि घाबरून अर्ध्यातच थांबला. उरलो मी आणि इंदापूरच्या कॉलेजातली एक मुलगी. तिचाही विषय गूळच. तिचे वडील भाजीपाला करायचे आणि ती त्यांच्याबरोबर आठवडे बाजारात बसायची. तिनं नमुने घेतले होते ते बाजारातून आणि किराणा दुकानांतून, चारचौघांसारखे विकत. तिच्या बारा नमुन्यांपैकी नऊमध्ये पावडर निघाली होती. ती हळू बोलायची, कागदाकडं बघून. पण तिची वही सुंदर होती, एकही खाडाखोड नाही.

परीक्षकांपैकी एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी तिची वही चाळली आणि माझी चाळली. म्हणाले, "एकाच भागातला गूळ. हिच्याकडं सगळा शुद्ध, तुझ्याकडं बहुतेक अशुद्ध. दोघींतलं कुणीतरी चुकतंय."

ती कागदावरचे आकडे पुन्हा बघायला लागली. मला कुणी विचारलं नव्हतं. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "सर, दुकानातला गूळ कुठून येतो, त्यात कोण काय मिसळतो, सांगता येत नाही. मी काहिलीपाशी उभी राहून, ताजा निघालेला गूळ घेतलाय. तोही सगळ्या गुऱ्हाळांवर."

काहिलीपाशी मी प्रत्येक ठिकाणी जाऊन उभी राहिले होते, हे खरं. गूळ आतून आला होता, हे मी गाळलं. खोटं बोलायचं असं ठरवून नाही गाळलं. जिंकायच्या भरात ते वाक्य तोंडातून आपसूक तसंच बाहेर पडलं, आणि बाहेर पडल्यावर मला ते आवडलं.

प्राध्यापक मान हलवून तिच्याकडं वळले. "आयोडीनचं द्रावण जुनं असेल तुझं. नाहीतर हात. टायट्रेशनला हात बसावा लागतो." ती "हो सर" म्हणाली.

चार दिवसांनी निकाल लागला. पारितोषिक मला.

मी पेढे घेऊन पहिल्यांदा कुठं गेले असेन तर मामाकडं. मामीनं दारातच ओरडून शेजारणी गोळा केल्या. "आली बघा माझी शास्त्रज्ञ!" गुऱ्हाळासमोर टेम्पो उभा होता आणि त्यात ढेपा भरत होते. पिवळ्याधमक. उन्हात डोळ्यावर येत होत्या.

मी मामाला विचारलं, "हा गूळ कुठला?"

"कुठला म्हंजे? हितलाच. कालचा."

"मग मला दिला तो असा नव्हता."

उत्तर मामाच्या गुळव्यानं दिलं. तो काहिलीतली मळी काढत होता, मान वर न करता बोलला. "त्यो घरचा हुता ताई. भेंडीच्या पाण्यानं रस साफ करून काढल्याला. हंगामात दोन-तीन काहिली काढतो आमी तसल्या. घरी खायला, लेकीबाळीस्नी वाटायला. ह्यात पावडर हाय."

"सगळीकडं असंच करतात?"

"करत्यात म्हंजे?" आता त्यानं वर बघितलं. "लेकीला कुणी पावडरीचा गूळ दील व्हय? माणसं हायती का कोण?"

मी मामाकडं बघितलं. मामा म्हणाला, "अगं, तपासायला पायजे हे सांगायचं न्हाई का मग."

"सांगितलं असतं तर?"

त्यानं खरोखर विचार केला. "तर बी घरचाच दिला असता."

सगळे हसले. मामी हसली, शेजारणी हसल्या. हसण्यासारखंच होतं ते. कुणीही मला फसवलं नव्हतं. अठरा घरांनी आपल्याकडं होता तो सगळ्यात चांगला गूळ मला दिला होता, आणि तो मी बारामतीला नेऊन आयोडीनखाली धरला होता.

"मामा, मी बाजारचा घेऊन परत तपासते."

"आता कशाला? लागलाय की निकाल."

"खोटा लागलाय."

"खोटा कसा? तू नेलास त्यो गूळ चांगला हुता का न्हवता?"

"होता."

"मग झालं तर."

मामीनं पेढा तोंडात टाकला आणि हात पुसत म्हणाली, "आणि तितं जाऊन सांगणार काय? माझ्या मामाच्या गुळात पावडर असती? मग दिवाळीला कुणाच्या दारात येशील गं?" ती रागानं बोलली नव्हती. खरंच विचारत होती.

समारंभाला आठ दिवस होते. आठही दिवस माझं ठरलेलं होतं, की बाईंना जाऊन सांगायचं. पत्ताही होता. त्यांच्या घरावरून मी एकदा पुढं गेले आणि परत आले. फाटकाला कडी होती, एवढं कारण मला पुरलं.

समारंभाला माझे वडील इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि नवी टोपी घालून आले. आईनं नवीन पातळ नेसलं होतं. दोघंही माझ्यासाठी बारामतीला पहिल्यांदाच आले होते. पुढच्या रांगेत बसायला तयार होईनात, मागं भिंतीला टेकून बसले. इंदापूरची ती मुलगीही आली होती. तिसऱ्या रांगेत.

बाई बोलायला उठल्या. आपले यजमान कसे काम करायचे, ते त्यांनी सांगितलं. कारखान्यावर उसाची बैलगाडी आली, की शेतकरी चांगला ऊस वर रचून आणतो. हे वरचा ऊस कधी घ्यायचे नाहीत. गाडीत हात खुपसून मधलं कांडं ओढायचे. हात सोलून निघायचे, रोज संध्याकाळी खोबरेल लावावं लागे. शेतकरी हसायचे, 'साहेब, वरचा घ्या की, तुमच्यासाठनंच ठेवलाय.' सभागृह हसलं. मला वाटलं, यांना कळलंय आणि या मला संधी देताहेत. पण तसं काही नव्हतं. त्या दरवर्षी हीच गोष्ट सांगायच्या, हे मला नंतर समजलं.

प्रमाणपत्र देताना त्यांनी माझा हात हातात धरून हळूच विचारलं, "हे सगळं तू स्वतःच्या हातानं केलंस ना?"

"हो बाई."

खरं होतं. प्रत्येक थेंब मी स्वतः सोडला होता. खरं उत्तर देताना मला आयुष्यात कधी इतकी लाज वाटली नव्हती. मागं भिंतीपाशी वडील उभे राहून टाळ्या वाजवत होते, दोन्ही हात डोक्याच्या वर करून.

चहाच्या वेळी ती मुलगी माझ्याकडं आली. "अभिनंदन" म्हणाली. मग विचारलं, "तू आयोडीन रोज नवं करत होतीस का?"

"रोज नाही. आठवड्यानं."

"मीपण आठवड्यानंच." तिनं कप खाली ठेवला. "मग माझंच काहीतरी चुकलं असणार."

तेव्हा सांगायचं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. नुसतं 'तुझं बरोबर आहे' एवढे तीन शब्द. मी काय म्हणाले ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. मी म्हणाले, "होतं गं असं. पुढच्या वेळी ब्लँक नीट घे." ब्लँक म्हणजे नुसत्या पाण्याची तपासणी, कामाला लागायच्या आधीची. पहिल्या वर्षाच्या मुलीला सांगतात तो सल्ला मी तिला दिला. ती "हो" म्हणाली, आणि "थँक्यू" म्हणाली.

पुढचं पटकन सांगते. स्थानिक पेपरात बातमी आली. मामानं तिचं कात्रण मोठं करून हायवेवरच्या स्टॉलला फ्लेक्स लावला. माझा प्रमाणपत्रासहित फोटो आणि खाली, 'प्रयोगशाळेत तपासलेला शुद्ध गूळ'. त्या फोटोखाली पिवळ्या ढेपा रचलेल्या असायच्या. मी दर दिवाळीला म्हणायची, "मामा, तो फ्लेक्स काढा." आणि तो म्हणायचा, "काढू की. वाऱ्यानं फाटला की काढू." तो फ्लेक्स तीन वर्षं फाटला नाही. सोलापूरकडं जाणाऱ्या एसटीत मी त्या बाजूच्या खिडकीला बसत नसे.

मी एम.एस्सी. केलं. नोकरी लागली. नोकरीत माझं पहिलं काम होतं नमुने गोळा करणाऱ्या पोरांना शिकवायचं, की मालक देईल तो नमुना घ्यायचा नाही, आपण उचलायचा. मी ते चांगलं शिकवते असं सगळे म्हणतात. बाई गेल्या त्याला आता तीन वर्षं झाली. अंत्यदर्शनाला मी गेले होते. त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच, आणि ते आता कशानंही भरून येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेनं शाळांच्या विज्ञान शिक्षकांसाठी एक दिवसाचं शिबिर ठेवलं. भेसळ कशी ओळखायची, वगैरे. वीसेक शिक्षक आले. टायट्रेशनच्या टेबलापाशी मी एकेकाला पुढं बोलवत होते. एक शिक्षिका मागं सरकली. "तुम्ही करा मॅडम, मी बघते. माझा हात नाही बसत याला."

आवाजावरून ओळखलं, इंदापूरची ती मुलगी. तिनं मला आधीच ओळखलं होतं.

"वर्गात कसं दाखवतेस मग?" मी विचारलं.

"व्हिडिओ लावते. तुला आठवत असेल की, कॉलेजात असताना माझी सगळी रीडिंग्ज चुकली होती. तेव्हापासून ब्युरेट हातात घेतली की थरथर होते." हे ती हसत सांगत होती, बाकीच्या शिक्षकांना ऐकू जाईल असं. जुनी गंमत सांगावी तसं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तिला बाहेर कडुलिंबाखाली घेऊन गेले आणि सांगितलं. सगळं. घरचा गूळ, गुळव्याचा प्रश्न, काहिलीपाशी उभी होते ते वाक्य. ती डबा उघडत होती, तो तसाच राहिला.

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"बरोबर होतं."

"नऊच्या नऊ?"

"नऊच्या नऊ असणार."

"तुला कधी कळलं हे?"

"बक्षीस घ्यायच्या आधी."

"आधी," ती म्हणाली. "मी एम.एस्सी.चा फॉर्म आणला होता. भरला नाही. म्हटलं, प्रॅक्टिकल जमत नाही, कशाला हसं करून घ्या. बी.एड. केलं. बी.एड. वाईट नाही, माझी मुलं चांगली आहेत. पण मी ते निवडलं नव्हतं. मला वाटलं, मला तेवढंच जमतं."

"मला माफ कर."

"ते नंतर बघू." तिनं डबा बंद केला. "शनिवारी सकाळची शाळा असते. इंदापूरला ये. गूळ घेऊन ये. बाजारचा."

"येते. मुलांना मी नीट करून दाखवते."

"तू नाही. मी करणार. तू फक्त नमुना आण."

शुक्रवारी मी मामाच्या स्टॉलवर गेले. मामी लगेच आत वळली. "थांब, आतला देते तुला."

"मामी, आतला नको. हाच पाहिजे. ढेप फोडून मधला द्या."

"ह्यो कशाला गं? ह्यो गिऱ्हाइकाचा."

"मला तपासायचाय," मी म्हणाले. हे वाक्य त्या दारात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं. केस पिकायला लागल्यावर.

मामानं ढेप फोडून दिली. तो आता थकलाय, पण कोयता अजून जोरात मारतो. पिशवीला गाठ मारताना म्हणाला, "आमचं नाव घेणार का?"

"विचारलं तर सांगीन."

"हं," म्हणाला आणि गुऱ्हाळाकडं चालायला लागला. चार पावलांवर थांबून, मागं न बघता म्हणाला, "सगळीच टाकत्यात. आमी एकटं न्हाय." तेही खरं होतं.

शनिवारी नववीचा वर्ग होता, चाळीसेक मुलंमुली. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि एक लांब टेबल. तिनं ब्युरेट स्टँडला लावली तेव्हा तिची बोटं थरथरत होती, मला मागच्या बाकावरून दिसत होतं. आधी तिनं नुसतं पाणी घेतलं. एक थेंब, निळं. तिनं ते फळ्यावर लिहिलं आणि त्याच्याकडं बघत राहिली. मग गुळाचं पाणी घेतलं. स्वच्छ, पिवळसर, फार देखणं दिसत होतं.

पहिला थेंब पडला. निळं आलं आणि गेलं.

"गेलं!" कुणीतरी ओरडलं.

दुसरा. तिसरा. दहाव्या थेंबापासून सगळा वर्ग एका सुरात ओरडायला लागला, "आलं! गेलं! आलं! गेलं!" शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून गेले. ती कुणाकडं बघत नव्हती. थेंबामागून थेंब सोडत होती, डाव्या हातानं फ्लास्क फिरवत. केव्हातरी तिची थरथर थांबली होती. ती कधी थांबली ते माझ्या लक्षात आलं नाही, आणि तिच्याही आलं नसावं. रंग टिकला तेव्हा तिनं तोटी बंद केली, डोळा खाली आणून आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि फळ्यावर लिहिला.

"झालं. लिहून घ्या."

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, हा गूळ कुठला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "त्यांना विचार. नमुना त्यांनी आणलाय."

चाळीस तोंडं मागं वळली. मी उभी राहिले.

"माझ्या मामाच्या गुऱ्हाळाचा आहे."

वर्गात हशा पिकला. त्या मुलीनं पेन थांबवून विचारलं, "मामाचा, असं लिहायचं का मॅडम?"

"नाही," ती म्हणाली. "नमुन्याला नाव लागतं आणि गाव लागतं."

मी मामाचं नाव सांगितलं. गाव सांगितलं. वर्गात दोन मुलं त्याच गावची होती, ती एकमेकांकडं बघायला लागली. आज संध्याकाळपर्यंत हे घरी पोचणार होतं. पुढच्या कोपऱ्यातून एक मुलगी म्हणाली, "ऐकू नाही आलं." मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, आणि सगळ्यांचं लिहून होईपर्यंत उभी राहिले.